किसुमूची म्हातारी

नैरोबीहून किसुमूला जाणारा रस्ता आधी चढतो आणि मग उतरतो. हिवतापाचा अख्खा भूगोल या एका रस्त्यावर वाचता येतो, हे मात्र त्यावरून गेल्याशिवाय कळत नाही. नैरोबी समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरांच्या आसपास. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असूनही तिथे सकाळी स्वेटर लागतो. नाकुरू मागे टाकून माऊ समिटच्या चढाला लागलं की बोटं गारठायला लागतात. पुढे केरिचो. डोंगरच्या डोंगर चहाचे, आणि दुपार झाली की पाऊस ठरलेला. तिथून रस्ता जो खाली उतरतो तो थेट कानोच्या मैदानात. आहेरोच्या भातखाचरांपाशी आम्ही थांबलो तेव्हा बांधाबांधांवर बगळे उभे होते, खाचरांतलं पाणी कोमट होतं आणि माझा स्वेटर केव्हाच पिशवीत गेला होता.

माझ्यासोबत किसुमूचे एक कीटकशास्त्रज्ञ होते. हयात डासांत घालवलेला माणूस. चहाच्या टपरीवर त्यांनी माझ्या वहीत एक हिशेब मांडून दिला, सोव्हिएत संशोधकांनी पूर्वी बसवलेला. हवेचं सरासरी तापमान घ्या, त्यातून १६ वजा करा आणि जी संख्या उरेल तिने १११ ला भागा. येईल तितके दिवस हिवतापाच्या सर्वांत घातक परजीवीला, प्लाझमोडियम फाल्सिपेरमला, डासाच्या अंगात वाढायला लागतात. २५ अंशांना साधारण १२ दिवस. २० अंशांना २८. १८ अंशांना पंचावन्नच्या वर. आणि १६ अंशांच्या खाली वाढ होतच नाही.

‘‘आपण सकाळपासून हाच भागाकार करत आलोय,’’ ते म्हणाले. केरिचोत डास नाहीत असं नाही. पण तिथल्या गारव्यात परजीवी तयार होईपर्यंत डासच मरून जातो. एखादं वर्ष जरा उबदार आणि पावसाचं निघालं की भागाकाराचं उत्तर बदलतं, आणि तसं झालं तेव्हा त्या मळ्यांत हिवतापाच्या साथी येऊन गेल्याही आहेत. किसुमूला सरासरी २३ अंशांच्या आसपास. म्हणजे सोळा दिवस. झोपड्यांच्या आतल्या उबेत त्याहूनही कमी.

त्या वहीतल्या तीन ओळींनी माझा सगळा प्रवास उलटापालटा केला. डास चावतो आणि हिवताप होतो, इतकंच आपण शाळेपासून घोकत आलो. डास रोगी माणसाला चावला आणि लगेच शेजारच्याला चावला तर काहीही होत नाही, हे किती जणांना ठाऊक असतं? मधले ते बारा-सोळा दिवस. त्या दिवसांत डासाच्या आत काय घडतं ते बघायलाच मी इतक्या लांब आले होते.

किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या एका आखातावर वसलंय. १९०१ साली मोंबासाहून निघालेली रेल्वे इथे येऊन पोचली. ती बांधायला हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर आणले होते. त्यांतले सुमारे अडीच हजार त्या कामावरच मेले, आणि त्यांना लोळवणाऱ्या आजारांत हिवताप होताच. गावात आजही गुजराती पाट्यांची जुनी दुकानं आहेत. पण गाव बघायला मला वेळ नव्हता. जवळच किसियानला केनियाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं, केम्रीचं, मोठं केंद्र आहे, आणि या सगळ्या पट्ट्यात डासांवर पिढ्यान्‌पिढ्या काम चाललंय. इथल्या गॅम्बिए जातीच्या डासांचा एक वाण ‘किसुमू’ याच नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो.

मी गेले ते कीटकगृह म्हणजे दमट, गरम खोली. जाळीच्या पिंजऱ्यांत डास, आणि प्रत्येक पिंजऱ्यात साखरपाण्यात भिजवलेला कापूस. नर डास आयुष्यभर साखरेवर जगतात. रक्त लागतं ते मादीला, अंड्यांसाठी. तिथली तंत्रज्ञ तिशीची, लुओ समाजातली बाई होती, बोलायला मोजकी, हाताने विलक्षण चपळ. तिने कागदी पेल्यांत माद्या भरल्या, वर जाळी ताणली आणि जाळीवर काचेचं छोटं भांडं टेकवलं. भांड्याभोवती ३७ अंशांचं पाणी फिरत होतं, तळाला पातळ पडदा, आत रक्त. ते रक्त गावातल्या एका शाळकरी मुलाचं, आईबापांच्या संमतीने घेतलेलं. मुलाला ताप नव्हता. तो बाहेर खेळत होता. त्याला औषध दिलं गेलं होतं; पण औषधाआधी काढलेल्या त्या रक्तात परजीवीच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पेशी होत्या, काही नर, काही मादी. माणसाच्या शरीरात या पेशी नुसत्या थांबलेल्या असतात. तिथे त्यांना पुढे काही करताच येत नाही.

माद्यांनी पडद्यातून सोंडा वर घातल्या. बघता बघता पोटं लाल होऊन फुगली. एका वेळी दोन-तीन मायक्रोलीटर रक्त, म्हणजे थेंबाचाही लहानसा अंश.

त्याच रक्ताचा एक ठिपका तिने काचपट्टीवर ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. ‘‘दहा मिनिटं डोळा काढू नका,’’ ती म्हणाली. सुरुवातीला नुसत्या लाल पेशी, स्वस्थ पडलेल्या. मग त्यांतल्या एका चंद्रकोरीने टोकं आत घेतली आणि ती गोल झाली. आतले काळे कण नाचायला लागले. आणि एकदम, खरोखर एकदम, त्या गोळ्यातून बारीक धागे बाहेर उसळले. ते धागे आजूबाजूच्या लाल पेशींना ढोसत होते, फिरवत होते, लोटत होते. क्षणापूर्वी निश्चल असलेला रक्ताचा तो तुकडा सगळाच ढवळून निघाला. माझ्या तोंडून काहीतरी मोठ्याने निघालं असावं, कारण खोलीतले सगळे माझ्याकडे वळले.

हे धागे म्हणजे नर पेशी. एका चंद्रकोरीतून आठ. दहा-पंधरा मिनिटांत ती पेशी आपल्या डीएनएची तीनदा दुप्पट करते आणि आठ वाटे करून मोकळी होते. इतक्या वेगाने हे काम करणाऱ्या पेशी सजीवसृष्टीत फार थोड्या. अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीनच्या लष्करी रुग्णालयात ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्फोन्स लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने एका सैनिकाच्या रक्तात हेच पाहिलं आणि हिवतापामागे जिवंत प्राणी आहे याची त्याला खात्री पटली. तोवर दलदलीची दूषित हवा हेच कारण मानलं जाई. त्या धाग्यांचं काम काय, हे मात्र त्यालाही कळलेलं नव्हतं. १८९७ साली मॅकॅलम या तरुण विद्यार्थ्याने कावळ्यांच्या रक्तातल्या भाऊबंद परजीवीत पाहिलं, की असा एक धागा मादी पेशीत शिरतो आणि तिथेच थांबतो.

पण माणसाच्या रक्तात इतके दिवस थांबलेली ही पेशी डासाच्या पोटात जाताच जागी कशी होते? एक तर गारवा. आपल्या ३७ अंशांतून ती अचानक पाच-दहा अंश थंड जागी पोचते. आणि दुसरं, डासाच्याच शरीरात बनणारं झँथुरेनिक आम्ल, जे १९९८ साली ओळखलं गेलं. डासाच्या डोळ्यांचे रंग ज्या रासायनिक वाटेवर तयार होतात त्याच वाटेवरचा हा पदार्थ. परजीवीने आपल्या लग्नाची खूण म्हणून तो निवडावा, यापुढे मला काही सुचेना.

लग्न म्हटलं ते मुद्दामच. प्लाझमोडियमचं नर-मादीचं मीलन होतं ते फक्त डासात. जीवशास्त्राच्या रीतीने बघायचं तर त्याचा मुख्य यजमान डास आहे, आणि आपण मधले. आपण मरतो, देशच्या देश अंथरुणाला खिळतात, २०२३ या एका वर्षात जगात सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. आणि परजीवीच्या आयुष्यातली निर्णायक गोष्ट आपल्यात घडतच नाही. दोन वेगळ्या वाणांचे परजीवी एकाच घोटात डासाच्या पोटात गेले तर त्यांची सरमिसळही तिथेच होते, आणि औषधाला न जुमानणाऱ्या गुणांच्या नव्या जुळण्याही तिथेच होतात.

पुढचा दिवस परजीवीसाठी फार वाईट असतो. मीलनातून झालेली पेशी लांबट होते आणि सरकायला लागते. आता तिला ऊकिनेट म्हणतात. भोवती पचत चाललेलं रक्त, पाचकरस आणि त्या रक्ताला वेढणारं कायटिनचं वेष्टण. ते भोक पाडून ओलांडायचं, मग जठराच्या भिंतीतल्या पेशी फोडून पलीकडे जायचं. पलीकडे डासाच्या अंगातले संरक्षक प्रथिनांचे पहारेकरी टपलेले. टीईपी१ नावाचं एक प्रथिन ऊकिनेटच्या अंगाला चिकटलं की तो संपलाच. घोटासोबत शेकड्यांनी, कधी हजारांनी आत आलेल्या पेशींपैकी रानातल्या डासात भिंतीपलीकडे पोचतात त्या जेमतेम एक-दोन, फार तर चार-पाच. पुष्कळ डासांत एकही नाही. कीटकशास्त्रज्ञ म्हणाले, ‘‘या रोगाची सगळ्यांत अरुंद जागा ही. इथे तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो.’’ हे वाक्य मी वहीत तसंच उतरवून ठेवलंय.

पलीकडे पोचलेला ऊकिनेट तिथेच गोल होऊन बसतो. आठवड्यापूर्वी रक्त पाजलेल्या माद्या तंत्रज्ञ बाईने बाहेर काढल्या. डास क्षणभर गार करायचा, पाय-पंख काढायचे, पाण्याच्या ठिपक्यात ठेवायचा, एक सुई छातीवर रोवायची आणि दुसरीने पोटाचं शेवटचं टोक अलगद ओढायचं. अख्खं जठर बाहेर येतं, तांबूस पारदर्शक पिशवी, दोन मिलिमीटरांचीही नाही. त्यावर मर्क्युरोक्रोमचा थेंब. आपल्या लहानपणी गुडघ्यांवर लावायचं तेच लाल औषध. त्या रंगात जठराच्या बाहेरच्या अंगाला गोल पुटकुळ्या उठून दिसल्या, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या टपोऱ्या, स्वच्छ कडांच्या; काहींत अजून ते काळे कण.

त्या काळ्या कणांवरूनच रोनाल्ड रॉसला उलगडा झाला होता. सिकंदराबाद, २० ऑगस्ट १८९७. हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेले, ठिपकेदार पंखांचे डास तो कापत होता. चावणाऱ्या प्रत्येक डासामागे हुसेन खानला एक आणा मिळे. त्या उकाड्यात पंखा लावायची सोय नव्हती, कारण वाऱ्याने डास उडून जात. चार दिवसांपूर्वी रक्त प्यालेल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला वेगळ्या गोल पेशी दिसल्या, आणि त्यांच्यात होते रुग्णांच्या रक्तातल्या परजीवीत असतात तसलेच काळे कण. दुसऱ्या दिवशी कापलेल्या डासात त्या पेशी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे त्या जिवंत होत्या, वाढत होत्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून ही वाट थेट डासाच्या लाळग्रंथीपर्यंत नेऊन पोचवली, आणि त्याच वर्षअखेर रोममध्ये ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या हिवतापाचं तेच चक्र ॲनोफिलीस डासांत पुरं दाखवलं. रॉसचं काम मी पुस्तकात कितीदा वाचलं होतं. पण पेशी स्वतः पाहिल्यावर वाटलं, की डासामागून डास कापूनही काही न सापडलेल्या माणसाने हा एवढासा फरक ओळखला कसा!

पुटकुळी वाढत जाते. तिच्या आत एकाच पेशीचे वाटे पडत पडत हजारो बारीक, वाकडे, दोन्ही टोकांना निमुळते जीव तयार होतात. हेच स्पोरोझोइट. ऊकिनेट होता एकटा. त्याच्यापासून आता हजारो. पुटकुळी फुटली की ते डासाच्या अंगातल्या द्रवात पसरतात. त्यांतले बरेचसे वाटेतच नष्ट होतात, उरलेले लाळग्रंथीत घुसतात आणि तिथे वाट बघत राहतात. तिने मला लाळग्रंथीही काढून दाखवली: डोकं छातीपासून हळूच ओढायचं, की मानेमागून तीन पाकळ्यांची ती नाजूक ग्रंथी बाहेर येते. काचेखाली दाबली, आणि त्यातून ती वाकडी मंडळी बाहेर पडून गोल गोल सरकायला लागली. त्यांना पाय नाहीत, शेपूट नाही. अंगाला लाटही येत नाही. तरी सरकतात.

पुण्याचं नाव इथे निघालं. स्पोरोझोइटच्या अंगावर एका प्रथिनाचं दाट आवरण असतं. हिवतापाच्या दोन्ही मान्यताप्राप्त लशी याच प्रथिनाची ओळख शरीराला करून देतात: पहिली आरटीएस,एस, जी २०१९ साली केनियाच्या याच पश्चिम भागात मुलांना द्यायला सुरुवात झाली; आणि दुसरी ऑक्सफर्डमध्ये घडवलेली व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१. डास चावला की स्पोरोझोइट थोडेच शिरतात, शेकड्याच्या आतच बहुधा, आणि तासाभरात यकृतात दडून बसतात. तेवढ्या वेळात त्यांना गाठायचं असतं. मांजरी-हडपसरच्या रस्त्याने जाताना यापुढे मला ती पाकळीदार ग्रंथी आठवेल.

इतकं पाहूनही मूळ गोष्ट राहिलीच होती. सोळा दिवस. डासाला ते मिळतात का?

पहाटे गावातल्या घरांतून पकडून आणलेल्या माद्या टेबलावर होत्या. त्यांचं वय सांगता येतं. अंडाशय काढून पाण्यात ठेवायचं आणि सुकू द्यायचं; त्यावर अतिशय बारीक श्वासनलिकांचं जाळं दिसतं. मादीने एकदाही अंडी घातली नसतील तर त्या नलिकांची टोकं गुंडाळलेली असतात. पहिल्यांदा अंडी भरून अंडाशय ताणलं की ती गुंडाळी सुटते, आणि पुन्हा कधीच बसत नाही. रशियन संशोधिका तात्याना देतिनोवाने हे शोधून काढलं. मी एकामागून एक अंडाशयं पाहिली. गुंडाळी, गुंडाळी, सुटलेली, गुंडाळी. ‘‘ही सुटलेली आहे ना, आम्हाला हवी असते ती ही म्हातारी,’’ तंत्रज्ञ बाई म्हणाली. ‘‘बाकीच्यांना घाबरायचं कारण नाही.’’

दर दोन-तीन दिवसांनी मादी रक्त पिते, अंडी घालते, परत येते. परजीवी तयार होईपर्यंत तिला पाच-सहा वेळा माणसाजवळ जाऊन जिवंत परतावं लागतं. समजा रोज शंभरातल्या दहा मरतात. सोळा दिवसांनी उरतील अठरा. रोज वीस मरू लागल्या, तर उरतील तीनसुद्धा नाहीत. रोजचं मरण दुप्पट झालं आणि धोका सहापट खाली आला! जॉर्ज मॅकडॉनल्डने १९५० च्या दशकात हे गणित नीट मांडलं, आणि घराच्या भिंतींवर फवारणी, पुढे औषध लावलेल्या मच्छरदाण्या, यांची सगळी ताकद त्यात आहे. डास संपवायला नकोत. त्यांना म्हातारं होऊ द्यायचं नाही, एवढं पुरतं.

किसुमूच्या पश्चिमेला आसेंबो आहे. तिथे आणि शेजारच्या गेममध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी औषधी मच्छरदाण्यांची फार मोठी चाचणी झाली. लहान मुलांचे मृत्यू कमी झाले, हे तर झालंच. पण ज्या घरांत मच्छरदाणी नव्हती, त्यांनाही लाभ झाला: मच्छरदाणीवाल्या वस्तीपासून सुमारे ३०० मीटरांच्या आतल्या घरांतली मुलं वाचली. शेजारणीच्या मच्छरदाणीवर बसून मेलेली मादी यांच्या दारी म्हातारी होऊन आलीच नाही. त्या गावांतून जाताना अंगणात वाळत घातलेल्या निळ्या जाळ्या दिसतात. एका घरातली जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला बांधलेली दिसली आणि मला फार वाईट वाटलं. मग कळलं, की ती जुनी, विटलेली होती, आत खाटेवर नवी होती.

आखातापलीकडे म्बिटाला तर आणखीच वेगळी वाट चोखाळली जातेय. तिथल्या काही डासांच्या अंगात एक सूक्ष्म बुरशीवर्गीय जीव आपसूकच राहतो, मायक्रोस्पोरिडिया एमबी. आईकडून पिल्लांत उतरतो, डासाला फारशी इजा करत नाही, आणि तो असला की डासात प्लाझमोडियम वाढत नाही. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. त्या अरुंद जागेवर पहारा बसवायला निसर्गातच कुणी आधीपासून बसलेलं निघालं.

निघायच्या आदल्या दिवशी कीटकशास्त्रज्ञांनी मला मुंबईबद्दल खोदून खोदून विचारलं. कारण आपल्याकडचा स्टिफेन्सी जातीचा ॲनोफिलीस आफ्रिकेत उतरलाय. २०१२ साली जिबूतीत सापडला, मग इथिओपियात, आणि अलीकडे केनियाच्या उत्तरेला मार्साबिटमध्ये. इथले डास खाचरांत, डबक्यांत, गुरांच्या खुरांनी पडलेल्या खड्ड्यांत वाढतात. स्टिफेन्सी वाढतो विहिरीत, पिंपात, गच्चीवरच्या टाकीत. शहरातला डास. आफ्रिकेतल्या शहरांना अशा हिवतापाची सवय नाही, आणि नैरोबीसारखी गार शहरं सोडली तर त्यांना वाचवणारा भागाकारही नाही.

‘‘तुम्ही टाक्यांचं काय करता?’’ त्यांनी विचारलं. मी मला ठाऊक होतं ते सांगितलं: विहिरी बुजवल्या, झाकल्या, काहींत गप्पी मासे सोडले, टाकीला घट्ट बसणारं झाकण हवं आणि वर जायला शिडी हवी, असा महापालिकेचा आग्रह असतो, कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्यात गच्च्या चढून झाकणं उघडून बघतात, अळ्या सापडल्या तर सोसायटीला नोटीस येते. त्यांना त्यातलं शिडीचं विशेष वाटलं. शिडी कुणी ठेवायची, सोसायटीने की महापालिकेने, आणि ती मोडली तर दंड कुणाला, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं, आणि मार्साबिटच्या दुकानांमागे ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्यांचे फोटो माझ्यासमोर धरून म्हणाले, ‘‘यांतल्या कुठल्या टाकीचं झाकण तुमच्या माणसांनी चालवून घेतलं असतं?’’ एकीचंही नाही.